जमशेटजींची अट

महाराष्ट्रातील बहुतेक गावांत एखादे तरी घर असे सापडते, की ज्या घरातील कोणी ना कोणी कधी तरी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी जाऊन आलेले असते. आमच्या धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे गाव मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेले आहे. गावच्या औषधाने गुण आला नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीही उपाय चालेना, म्हणजे रुग्णाला मुंबईस न्यावे, आणि मुंबईस न्यावयाचे म्हणजे बहुधा 'जेजे'त, हे वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडून अनेकांनी ऐकलेले असेल. परंतु या दोन अक्षरांमागे एक माणूस उभा आहे, आणि ते रुग्णालय उभारताना त्या माणसाने सरकारपुढे एक अट ठेवली होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ती अट कोणती आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे समजण्यासाठी त्या माणसाचे चरित्र पाहिले पाहिजे.

त्यांचे नाव जमशेटजी जीजीभाई. त्यांचा जन्म १५ जुलै १७८३ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव मेरवानजी आणि आईचे नाव जीवीबाई. वडिलांचा कापडाचा लहानसा धंदा होता. त्यातून घरखर्चच कसाबसा भागत असे. जमशेटचे बालपण गुजरातेतील नवसारी गावी गेले. त्या काळी आजच्यासारख्या शाळा नव्हत्या. धर्माची थोडी माहिती, गुजराती अक्षरओळख आणि बोटांवर करता येईल एवढा हिशेब, यापलीकडे त्याला विद्या मिळाली नाही. शिक्षणाची ही उणीव त्यांना जन्मभर जाणवत राहिली असावी. कारण पुढे हाती पैसा आला तेव्हा शाळांसाठी त्यांनी तो सढळ हाताने वेचला.

१७९९ साली आई आणि वडील दोघेही निवर्तले. मुलगा अवघ्या सोळा वर्षांचा होता. तो मुंबईस आपले मामा फ्रामजी नसरवानजी यांच्याकडे आला. फ्रामजींचा धंदा रिकाम्या बाटल्यांच्या खरेदी-विक्रीचा होता. काचेची बाटली त्या काळी परदेशातून येई, त्यामुळे रिकाम्या बाटलीलाही मोल होते. जमशेट मामांच्या हाताखाली हा धंदा शिकला आणि त्यावरून लोक त्याला बाटलीवाला म्हणू लागले. अनेकांना असे नाव चिकटले असते तर लाज वाटली असती. जमशेटने ते निमूटपणे स्वीकारले. १८०३ मध्ये फ्रामजींच्या कन्या आवाबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या आवाबाईंचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

बाटल्यांच्या दुकानात बसून जन्म काढावा असे जमशेटजींना वाटत नव्हते. त्या वेळी मुंबई बंदरातून चीन देशाशी मोठा व्यापार चाले. आपल्याकडील कापूस तिकडे जाई आणि चहा, रेशीम इकडे येई. थोडे भांडवल जमवून जमशेटजी स्वतः जहाजावर चढले. सन १८०७ पर्यंत त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. शिडाच्या जहाजाने चीनला जाऊन परत येणे म्हणजे कित्येक महिन्यांचे काम होते. वादळ, रोग आणि शत्रू या तिन्हींचे भय सदैव असे.

त्यांपैकी एका सफरीत हे भय खरे ठरले. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यामध्ये युद्ध चालू होते. १८०५ साली जमशेटजी ज्या 'ब्रन्सविक' जहाजातून चीनकडे निघाले होते, ते सिंहलद्वीपाजवळ फ्रेंच आरमाराने पकडले. माल गेला, पैसा गेला, आणि कैद झालेल्या प्रवाशांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होप येथे नेण्यात आले. मुंबईपासून हजारो कोसांवर, अनोळखी मुलखात, अंगावरच्या कपड्यांनिशी जमशेटजी उभे होते. मोठ्या हालअपेष्टा सोसून, दुसऱ्या जहाजाने कलकत्त्यास येऊन, ते अखेर घरी पोहोचले. आपण निर्धन आणि निराधार झालो म्हणजे परक्याच्या दयेवर कसे जगावे लागते, हे त्यांनी त्या वेळी स्वतः अनुभवले.

त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा एक तरुण स्कॉटिश डॉक्टर नोकरीस होता. संकटात झालेली ही ओळख पुढे व्यापारातील स्नेहात बदलली. जार्डिन यांनी कालांतराने डॉक्टरी सोडली आणि चीनच्या किनाऱ्यावर ते मोठे व्यापारी झाले. ज्या डॉक्टराने रोग्यांना सोडून व्यापार धरला, त्याचाच व्यापारी मित्र पुढे रोग्यांसाठी रुग्णालय उभारणार होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

परत आल्यावर जमशेटजींनी मुंबईत बसून व्यापार वाढविला. त्यांनी आपली पेढी काढली आणि तिच्यात तीन भागीदार घेतले. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया हे गोव्याकडील ख्रिस्ती. चौघांचे धर्म वेगळे, भाषा वेगळ्या; परंतु एकाने माल जमवावा, दुसऱ्याने जहाजे पाहावीत, तिसऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांशी बोलणे करावे, अशी कामे वाटून घेतल्याने पेढी भरभराटीस आली. भागीदारीचे मर्म जमशेटजींना येथेच कळले. ज्याच्यापाशी जे आहे ते त्याने आणावे, आणि हिशेब सर्वांसमोर चोख असावा. हे मर्म पुढे रुग्णालयाच्या कामी त्यांच्या उपयोगी पडले.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. थोर माणसांच्या चरित्रातील अडचणीच्या गोष्टी झाकून ठेवणे हा त्यांचा मान राखण्याचा मार्ग नव्हे. जमशेटजींची संपत्ती कापसातून आली, तशीच ती अफूतूनही आली. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या विषारी व्यसनाने चीनमधील असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली होती. तरी व्यापार चालूच राहिला, आणि अखेर १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी चीनशी त्यापायी युद्ध केले. त्या काळी कंपनी सरकार स्वतः या व्यापारावर कर घेई आणि मुंबईतील अनेक प्रतिष्ठित पेढ्या त्यात गुंतलेल्या होत्या. तथापि सर्वांनी केले म्हणून एखादे कृत्य निर्दोष ठरत नाही. मुंबईच्या रोग्यांना ज्या पैशाने औषध मिळाले, त्यातला काही पैसा चीनच्या लोकांना रोगी करून आलेला होता. जमशेटजींच्या दानाचे मोल करताना ही बाजूही आपल्या तराजूत घातली पाहिजे.

त्यांच्या दानशीलतेची पहिली मोठी हकीकत १८२२ मधील आहे. त्या काळी कर्ज फेडता आले नाही म्हणजे ऋणकोला तुरुंगात टाकीत. तुरुंगात पडलेला मनुष्य कमावणार कसा आणि कर्ज फेडणार कसा, याचा विचार कायदा करीत नसे. जमशेटजींनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगात खितपत पडलेल्या गरीब ऋणकोंचे देणे स्वतः भरले आणि त्यांना सोडवून घरी पाठविले. हे काम त्यांनी एकट्याने केले. परंतु सर्वच दुःखे अशी एकट्याच्या थैलीने निवारण्यासारखी नसतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले.

त्या वेळची मुंबई कशी होती, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. व्यापारामुळे शहर झपाट्याने वाढत होते. कोकणातून, देशावरून, गुजरातेतून माणसे पोटासाठी येत होती. दाटीवाटीची वस्ती, उघडी गटारे आणि विहिरी-तलावांचे पाणी. पटकी, देवी आणि हिवताप यांचे ठाण मांडलेलेच असे. श्रीमंत मनुष्य वैद्य किंवा हकीम घरी बोलावी. गोऱ्या सैनिकांसाठी लष्करी रुग्णालये होती. परंतु गोदीत ओझी वाहणारा हमाल आजारी पडला, तर त्याने जावे कोठे? सामान्य लोकांसाठी असलेली रुग्णालयाची सोय अगदीच तुटपुंजी होती.

१८३० ते १८४० या दशकाच्या अखेरीस जमशेटजींनी कंपनी सरकारकडे एक प्रस्ताव पाठविला. मुंबईत गरीब लोकांसाठी मोठे रुग्णालय बांधावे. त्यात जात किंवा धर्म न पाहता रोग्यास घ्यावे. त्यासाठी आपण एक लाख रुपये देण्यास तयार आहोत. मात्र अट अशी, की सरकारनेही तितकीच रक्कम घालावी.

हीच ती अट. वरवर पाहता कोणास वाटेल, की एवढ्या धनाढ्य माणसाने सबंध रक्कम स्वतःच का दिली नाही? अट घालून दिलेले दान ते कसले दान? परंतु जमशेटजी पक्के व्यापारी होते. रुग्णालय म्हणजे नुसती इमारत नव्हे. इमारत एकदा बांधून होते; औषधे मात्र रोज लागतात. डॉक्टरांचे, सेवकांचे वेतन दरमहा द्यावे लागते. रोग्यांचे अन्न, पांघरुणे, दिवाबत्ती यांचा खर्च वर्षानुवर्षे थांबत नाही. एका पेढीच्या बळावर हे सारे चालविले, तर पेढी बुडताच रुग्णालयही बुडणार. व्यापारात आज लाख आणि उद्या खाक, हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या माणसास कोणी शिकविण्याची गरज नव्हती. उलट, सरकारची तिजोरी पिढ्यानपिढ्या टिकणारी. परंतु सरकार आपण होऊन गरिबांसाठी हात सैल सोडीत नसे. तेव्हा दात्याने पहिले पाऊल टाकावे आणि सरकारला त्या कामात अर्धा वाटेकरी करून बांधून घ्यावे, असा त्या अटीमागचा हेतू होता. ज्या कामात आपले पैसे गुंतले आहेत, ते काम कोणी सहसा वाऱ्यावर सोडीत नाही.

आमच्या सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडविणारे कुशल कारागीर पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत. मोठा हंडा घडविताना त्याचे भाग वेगवेगळे ठोकतात आणि मग ते एकमेकांना सांधतात. प्रत्येक भाग कितीही सुबक असला, तरी सांधा कच्चा राहिला तर हंडा गळतो. दाता आणि सरकार यांच्या कामाचेही असेच आहे. जमशेटजींच्या अटीने हा सांधा पक्का केला.

तो पक्का होण्यास वेळ मात्र फार लागला. कंपनीचा कारभार लंडनच्या संचालकांच्या हाती होता. मुंबईहून कागद निघावयाचा, समुद्रापार जावयाचा, तेथे त्याची छाननी व्हावयाची आणि मग उत्तर परत यावयाचे. प्रस्ताव मांडल्यापासून पहिला रोगी रुग्णालयात येईपर्यंत कित्येक वर्षे लोटली. उतावळ्या दात्याने कंटाळून पैसे काढून घेतले असते. जमशेटजींनी वाट पाहिली.

याच सुमारास दुसरे एक काम त्याच्या जोडीला आले. रॉबर्ट ग्रँट हे मुंबईचे गव्हर्नर होते. येथील तरुणांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवून डॉक्टर करावे, अशी त्यांची फार इच्छा होती. यापूर्वी १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली मुंबईत एक वैद्यकशाळा निघाली होती आणि तेथे देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न झाला होता. परंतु सरकारला त्यात अपेक्षित यश दिसले नाही आणि १८३२ मध्ये ती शाळा बंद पडली. वैद्यक हे केवळ पुस्तकातून येणारे शास्त्र नाही. रोग्याची नाडी हाती घेतल्यावाचून, जखम डोळ्यांनी पाहिल्यावाचून ते शिकता येत नाही. तेव्हा महाविद्यालय हवे ते रुग्णालयाच्या शेजारीच हवे, आणि रुग्णालय हवे तर डॉक्टर घडविणारे महाविद्यालय हवे, असे हे दुहेरी काम होते.

१८३८ मध्ये ग्रँट यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचे स्मारक म्हणून वैद्यकीय महाविद्यालय काढावे, असे मुंबईच्या नागरिकांनी ठरविले आणि वर्गणी गोळा केली. येथेही तीच रीत स्वीकारण्यात आली. खर्चाचा अर्धा वाटा नागरिकांचा आणि अर्धा सरकारचा. ३ जानेवारी १८४३ रोजी भायखळ्यास जमशेटजींच्या रुग्णालयाची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्याच वर्षी ३० मार्च रोजी शेजारीच ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची. मे १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये महाविद्यालय. डॉ. चार्ल्स मोरहेड हे महाविद्यालयाचे पहिले प्रमुख होते.

दारे उघडली म्हणून माणसे लगेच आत येतात असे नाही. रुग्णालय म्हणजे मरणाचे घर, तेथे गेलेला परत येत नाही, अशी समजूत लोकांत रूढ होती. परजातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिणे अनेकांना पाप वाटे. विद्यार्थ्यांची अडचण त्याहून मोठी होती. शरीराची रचना शिकावयाची तर मृतदेहाचे विच्छेदन करावे लागते आणि शवाला स्पर्श करणे रूढीला मान्य नव्हते. घरच्यांचा रोष आणि जातीतून वाळीत पडण्याचे भय, या दोहोंना तोंड देऊन ज्या तरुणांनी ते शिक्षण पुरे केले, त्यांच्या धैर्याची कल्पना आज येणे कठीण आहे. १८५१ साली पहिले आठ विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले.

गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी लाड हे या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. गरिबांना विनामूल्य औषध देणारे डॉक्टर म्हणून आणि प्राचीन शिलालेखांचा अभ्यास करणारे पंडित म्हणून त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक असलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही येथेच शिकले. हे लोक मराठी बोलत, रोग्याशी त्याच्या भाषेत बोलत, त्याच्या घरातील रीतिभाती जाणत. जेथे गोऱ्या डॉक्टराचे औषध घेण्यास लोक कचरत, तेथे आपल्यातल्याच माणसाने दिलेले औषध ते हळूहळू घेऊ लागले. लोकांचा विश्वास बसण्यास खरा हातभार या आपल्या माणसांनी लावला.

सरकारने साथ देण्याचे नाकारले म्हणजे काय होते, याचाही अनुभव जमशेटजींच्या घराला आला. मुंबई आणि वांद्रे यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. लोक होडीतून ती ओलांडीत, आणि पावसाळ्यात होड्या उलटून माणसे बुडत. तेथे रस्ता बांधावा अशी मागणी झाली, पण खर्च करण्यास कंपनी सरकार राजी होईना. तेव्हा आवाबाई पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये स्वतः दिले आणि १८४५ साली माहीमचा बांध वाहतुकीस खुला झाला. त्यांनीही एक अट घातली होती. या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनही जकात घेऊ नये. पतीने सरकारला अर्धा वाटेकरी केले. पत्नीने सरकार येत नाही असे पाहून सारा भार स्वतः उचलला. रस्ता एकदा बांधला म्हणजे पुष्कळ काळ टिकतो. रुग्णालय रोज नव्याने चालवावे लागते. कोणत्या कामास कोणती रीत योग्य, याचा विवेक त्या दोघांपाशी होता.

जमशेटजींच्या इतर दानांची यादी मोठी आहे. पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी नदीवर बंधारा बांधण्यास त्यांनी मोठी रक्कम दिली. गरीब पारशी मुलांच्या शिक्षणासाठी १८४९ मध्ये संस्था काढली. त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली. आज ती सर ज. जी. कला महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध आहे. १८४२ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली; हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या वेळी स्नेह्यांनी त्यांच्या सन्मानासाठी निधी जमविला, तो त्यांनी स्वतःकडे न ठेवता उपयुक्त ग्रंथांची गुजरातीत भाषांतरे करविण्याच्या कामी लावला आणि त्यात स्वतःची भर घातली. १८५७ मध्ये त्यांना 'बॅरोनेट' हा किताब देण्यात आला. त्यांनी आयुष्यभरात वीस लाखांहून अधिक रुपये लोकोपयोगी कामांसाठी दिले. एप्रिल १८५९ मध्ये मुंबईत त्यांचा अंत झाला.

माणूस गेला; परंतु त्याने सांधलेले काम चालू राहिले. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा रशियन साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. हाफकिन यांना लस शोधण्यासाठी बोलावण्यात आले. त्यांना जागा मिळाली ती ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातच. तेथील अपुऱ्या जागेत रात्रंदिवस खपून त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पन्नास वर्षांपूर्वी ते महाविद्यालय निघाले नसते, तर संकटाच्या त्या घटकेस हाफकिन कोठे बसले असते? साथ आल्यावर विहीर खणून भागत नाही. ती आधीच खणलेली असावी लागते.

दात्याने द्यावे आणि सरकारने चालवावे, ही रीत पुढे मुंबईत रुळली. गोकुळदास तेजपाल यांच्या देणगीतून त्यांच्या नावाचे रुग्णालय निघाले. स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून पेस्तनजी होरमसजी कामा यांनी पैसा दिला आणि १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. आज जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट महाविद्यालय ही दोन्ही महाराष्ट्र शासनाच्या वतीने चालतात. रुग्णालयात तेराशेहून अधिक खाटा आहेत. आपल्या धुळ्यासही आता श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालय आहे. शिकविणे आणि बरे करणे ही दोन्ही कामे एकाच आवारात व्हावीत, हा भायखळ्याचा जुना धडा तेथेही गिरविला जातो.

जमशेटजींना ज्या आफ्रिका खंडात कैदी म्हणून जावे लागले, तेथेही अलीकडच्या काळात या रीतीचा प्रत्यय आला आहे. नारू नावाचा रोग खानदेशातील वृद्धांना ठाऊक असेल. दूषित पाण्यावाटे शरीरात शिरलेला लांब कृमी वर्षभराने कातडी फोडून बाहेर येतो आणि माणसाला अंथरुणास खिळवतो. १९८६ साली आफ्रिका आणि आशिया खंडांत मिळून या रोगाचे सुमारे पस्तीस लाख रुग्ण होते. त्यावर औषध नाही, लसही नाही. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सेवाभावी संस्थेने तेथील सरकारांशी हातमिळवणी केली. संस्थेने पैसा, पाणी गाळण्याची फडकी आणि जाणकार माणसे पुरविली. सरकारांनी आपले आरोग्यसेवक दिले. आणि गावोगावच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन पाणी गाळून पिण्यास शिकविले. २०२१ पासून साऱ्या जगात वर्षाकाठी वीसहून कमी रुग्ण आढळू लागले. भारत तर २००० सालीच या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले होते. बाहेरच्या संस्थेने एकटीने धावाधाव केली असती, तर ती निघून जाताच काम थांबले असते. गावची माणसे आणि गावचे सरकार त्यात होते, म्हणून ते टिकले. मात्र जेथे सरकार सारा भार देणगीदारांवर टाकून मोकळे होते, तेथे देणगी आटली की दवाखान्याला कुलूप लागते.

जमशेटजींच्या जीवनाकडे पाहताना म्हणूनच दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवाव्या लागतात. त्यांच्या धनाचा एक झरा गढूळ होता, ही एक. आणि त्या धनाने उभे राहिलेले काम आज पावणेदोनशेहून अधिक वर्षे रोग्यांच्या उपयोगी पडत आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट दुसरीने पुसली जात नाही आणि दुसरी पहिलीमुळे खोटी ठरत नाही. पैसा मिळविताना तो कोणाच्या दुःखातून येतो आहे, हे प्रत्येकाने पाहिले पाहिजे, आणि तो देताना आपल्या पश्चात काम कोण चालवील, हेही पाहिले पाहिजे. यांतली दुसरी गोष्ट जमशेटजींनी फार चांगल्या रीतीने जाणली होती. भायखळ्याच्या त्या दारातून आजही रोज पहाटे लांबलांबून आलेले रोगी आत जातात. त्यांपैकी बहुतेकांना जमशेटजींचे नाव ठाऊक नसते. त्यांच्या उपचारास त्यामुळे काही उणे पडत नाही.